कुलूप आणि तिकीट

ट्रेकला जाणाऱ्या कुणालाही तो निळा बोर्ड माहीत असतो. गडाच्या पायथ्याशी, लेण्यांच्या तोंडाशी, जुन्या देवळाच्या कोपऱ्यात, दोन गंजलेल्या खांबांवर उभा. वर मोठ्या अक्षरांत 'संरक्षित स्मारक', खाली कायद्याचं नाव, वर्ष १९५८, आणि त्याखाली सरकारी दमदाटी: स्मारकाची नासधूस केल्यास अमुक शिक्षा, तमुक दंड. मूळ कायद्यात ही शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड अशी होती. २०१० च्या दुरुस्तीनंतर ती दोन वर्षं आणि एक लाखापर्यंत गेली. आपण बोर्डाला टेकून ग्रुप फोटो काढतो आणि चढायला लागतो. बोर्ड शेवटपर्यंत वाचणारा ट्रेकर मला तरी अजून भेटलेला नाही :)

तर या वीकेंडला मी त्या बोर्डामागचा कायदाच वाचत बसलो. (घरच्यांचं मत: याला दुसरे उद्योग नाहीत.) कायदा कंटाळवाणा आहे, पण त्यातलं अठरावं कलम मला फार आवडलं. एकाच वाक्याचं कलम आहे. त्याचा अर्थ असा, की नियमांच्या अधीन राहून जनतेला कुठल्याही संरक्षित स्मारकात जाण्याचा हक्क असेल. हक्क बरं का! सरकारने मेहेरबानी म्हणून दार उघडायचं असं नाही. आणि त्याच कायद्यात आजूबाजूची बाकी सगळी कलमं म्हणतात की हे स्मारक जपा, कुणाला हात लावू देऊ नका, गरज पडली तर बंद करा.

म्हणजे एकाच खात्याला एकाच कायद्याने दोन कामं दिली आहेत: जपा आणि उघडा. वाचताना दोन्ही छान वाटतात. पण एखाद्या सोळाशे वर्षं जुन्या चित्रासमोर उभं राहून विचार केला, तर लक्षात येतं की ही दोन कामं एकमेकांच्या उरावर बसलेली आहेत. हे भांडण कसं सुरू झालं आणि कुठवर आलंय, ते आज सांगायचंय.

आधी खात्याबद्दल. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, आपल्या भाषेत पुरातत्त्वखातं. याचा जन्म १८६१ चा. पहिला प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम, हा लष्करातला इंजिनिअर. (आपला जातभाई!) चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याचं प्रवासवर्णन हातात घेऊन तो त्याने लिहिलेल्या जागा जमिनीवर शोधत फिरायचा. खात्याच्या नावातच 'सर्वेक्षण' आहे. पाहा, मोजा, लिहून ठेवा, एवढंच काम. डागडुजी, पहारा वगैरे या खात्याकडे नव्हतं. पाचेक वर्षांत सरकारने पैसे आटवले आणि प्रोजेक्ट होल्डवर गेला. १८७१ मध्ये परत सुरू झाला.

नुसती यादी करून काय होतं याचं उदाहरण म्हणजे हडप्पा. कनिंगहॅम स्वतः तिथे जाऊन आला होता. आणि लाहोर-मुलतान रेल्वेच्या ठेकेदारांनी त्याच टेकाडांतल्या हजारो वर्षं जुन्या विटा रुळांखाली भरायला नेल्या. ही गोष्ट कनिंगहॅमनेच आपल्या अहवालात नोंदवून ठेवली आहे. नोंद झाली, विटा गेल्या.

१८८१ मध्ये मेजर कोल नावाच्या अधिकाऱ्याला स्मारकांच्या देखभालीसाठी म्हणून खास नेमलं. ते पदही काही वर्षांत बंद झालं. कारण तेच, आपल्या ओळखीचं: नव्या गोष्टीचं बजेट मिळतं, मेंटेनन्सचं मिळत नाही.

हे चित्र बदललं ते लॉर्ड कर्झनच्या काळात. हो, तोच, वंगभंगवाला. १८९९ मध्ये व्हॉइसरॉय म्हणून आला आणि जुन्या इमारतींच्या बाबतीत अक्षरशः हात धुऊन मागे लागला. १९०२ मध्ये त्याने जॉन मार्शल नावाच्या पंचविशीतल्या पोराला खात्याचा महासंचालक केलं. १९०४ मध्ये स्मारकांच्या जतनाचा पहिला देशव्यापी कायदा आणला. पुढे मार्शलने १९२३ मध्ये जतनाची एक हस्तपुस्तिका लिहिली, जिची सावली खात्यावर आजही आहे. तिचा गाभा असा: मोडलेलं अस्सल काम हे नव्याने घडवलेल्या गुळगुळीत कामापेक्षा मोलाचं आहे. जे आहे ते टिकवा. जे पडलंय ते 'असं असेल' म्हणून परत कोरत बसू नका.

आता आपण ज्यांच्याबद्दल 'खातं काही करत नाही, पडके बुरूज तसेच ठेवलेत' म्हणून शिव्या घालतो, त्यातला काही भाग हा आळस असतो आणि काही भाग हे तत्त्व असतं. कुठलं काय ते प्रत्येक ठिकाणी वेगळं. असो.

स्वातंत्र्यानंतर संस्थानांमधली स्मारकं केंद्राकडे आली, १९५१ चा एक कायदा झाला आणि मग १९५८ चा, जो बोर्डावर असतो. केंद्राच्या संरक्षणाखालच्या स्मारकांची संख्या आजही सुमारे ३,७०० च्या घरात आहे. त्यात ताजमहाल आहे, अजिंठा-वेरूळ आहे, आपला शनिवारवाडा आणि जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर आहे, आणि कुठल्याशा शेतात उभा असलेला, मैलाचा दगड म्हणून बांधलेला एखादा मुघल कोस मिनारही आहे. या सगळ्यांना एकच कायदा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'जपा आणि उघडा' हे भांडण सगळ्यात स्पष्ट कुठे दिसत असेल तर अजिंठ्यात. त्यामुळे जरा तिथे थांबू.

२८ एप्रिल १८१९. जॉन स्मिथ नावाचा मद्रास इलाख्याच्या घोडदळातला अधिकारी वाघाच्या शिकारीला वाघोरा नदीच्या घळीत आला आणि त्याला लेणी दिसली. शाळेच्या पुस्तकात याला 'शोध' म्हणतात. स्थानिक लोकांना ती जागा माहीत होतीच, पण ते राहू दे. साहेबाने पुढे काय केलं? दहाव्या लेण्यातल्या एका चित्रावर आपलं नाव आणि तारीख खरवडून ठेवली. ती अजून तिथे आहे. गंमत म्हणजे ती आपल्या नजरेच्या बरीच वर आहे, कारण तेव्हा लेण्यात माती-दगडांचा पाचेक फुटांचा भराव होता आणि साहेब त्यावर उभा होता. म्हणजे आधुनिक जगाने अजिंठा उघडला आणि त्याच फेरीत पहिलं 'राजू लव्हज पिंकी' लिहून झालं. आपण उगाच फक्त आपल्या पोरांना नावं ठेवतो.

ही चित्रं इतकी नाजूक का, हे तांत्रिक अंगाने समजून घेण्यासारखं आहे. युरोपात ओल्या चुन्यावर रंगवतात, रंग चुन्यात मुरतो आणि भिंतीचाच भाग होतो. अजिंठ्यात तसं नाही. खडबडीत कातळावर आधी मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे. त्यावर चुन्याचा पातळ हात. तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. म्हणजे रंग वर बसलेला, गिलावा कातळाला जेमतेम धरून, आणि गिलाव्यात किड्यांना खायला भरपूर सेंद्रिय माल. त्यातच पावसाळ्यात कातळातून झिरपणारं पाणी आणि वटवाघळं. हे सोळाशे वर्षं (आणि नवव्या-दहाव्या लेण्यांतली सगळ्यात जुनी चित्रं त्याहून कितीतरी जास्त) टिकलं, हाच चमत्कार आहे. टिकलं कारण मधली अनेक शतकं तिथे फारसं कुणी जात नव्हतं. बंद होतं म्हणून वाचलं.

आणि एकदा उघडल्यावर लोक काय काय घेऊन आले ते बघा. कुणी सुरी घेऊन आले. अजिंठ्याच्या चित्राचा एक तुकडा आज अमेरिकेत बोस्टनच्या म्युझियममध्ये आहे. कुणी चांगल्या हेतूने आले. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला चित्रांच्या नकला करायला पाठवलं. हाच तो गिल, ज्याच्या आणि पारोच्या गोष्टीवर ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' लिहिलं आणि २०१२ मध्ये नितीन देसाईंनी सिनेमा काढला. गिलने वर्षानुवर्षं खपून कॅनव्हासवर मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या, आणि १८६६ मध्ये तिथे आग लागून मोजक्या सोडता सगळ्या जळाल्या.

बॅकअप गेला. मग दुसरा बॅकअप. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत, हंगाम येईल तसा, अजिंठ्यात बसून नकला करत होते. एका पिढीचे मराठी, पारशी चित्रकार यातून तयार झाले. या नकलाही लंडनला गेल्या. आणि १८८५ मध्ये तिथेही आग लागली! बऱ्याच नकला त्यात गेल्या. दोन्ही वेळा मूळ प्रत डोंगरात सुखरूप आणि बॅकअप लंडनमध्ये खाक. आपल्या क्षेत्रात असं कुणी डिझाईन केलं असतं तर रिव्ह्यू मीटिंगमध्ये त्याचं काही खरं नव्हतं.

पण नकलांचा एक साइड इफेक्ट मूळ चित्रांवर झाला. पुसट चित्र नीट दिसावं म्हणून नकला करणाऱ्यांनी त्यावर वॉर्निश फिरवलं. त्या क्षणी रंग उजळून दिसतो, पुढे तेच वॉर्निश काळवंडतं.

यानंतरचा अध्याय जास्त शिकवणारा आहे, कारण त्यात कुणीही वाईट नाही. अजिंठा निजामाच्या राज्यात होतं. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाने स्वतःचं पुरातत्त्वखातं काढलं, गुलाम याझदानी हे त्याचे प्रमुख. मोठा विद्वान माणूस, अजिंठ्यावरचे त्यांचे ग्रंथ आजही वापरले जातात. त्यांनी जगातले उत्तम तज्ज्ञ बोलवायचं ठरवलं. १९२० ते १९२२ या काळात इटलीहून लोरेन्झो चेकोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी आले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी परत कातळाला चिकटवला, फुटलेल्या कडा बांधल्या. आज जे शिल्लक आहे त्यातलं बरंचसं या माणसांमुळे आहे. आणि त्यांनीच रंग धरून ठेवावा म्हणून चित्रांवर शेलॅकचा थर दिला. शेलॅक म्हणजे लाखेचं पॉलिश, सुतार लोक ज्याला चपडा म्हणतात तेच.

त्या काळाच्या ज्ञानाप्रमाणे ते बरोबर होतं. पण चपडा काळाबरोबर पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, आकसतो, धूळ आणि काजळी धरून ठेवतो. काही दशकांत निळे रंग हिरवट दिसायला लागले, पांढरा रंग मधासारखा. आणि आकसताना तो खालचा रंगही ओढायला लागला. प्रोडक्शनवर टाकलेला पॅच, ज्याला रोलबॅक नाही.

मग आजच्या पुरातत्त्वखात्याच्या वाट्याला काय काम आलं? आधीच्यांनी दिलेला थर काढायचं. खात्याची एक विज्ञान शाखा आहे, १९१७ पासूनची. तिचं मुख्यालय डेहराडूनला आणि एक तुकडी औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर). यातली रसायनशास्त्रज्ञ मंडळी लेण्यात परांची बांधून, द्रावणात बुडवलेला कापसाचा बोळा घेऊन, एक एक छोटा चौकोन साफ करतात. चपडा निघाला पाहिजे, रंग नाही. राजदेव सिंग यांच्या पथकाने असं करत करत दहाव्या लेण्यातली अतिप्राचीन चित्रं काजळीखालून परत दिसती केली. या कामाला उद्घाटन नसतं, फीत कापणं नसतं. झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, चुकलं तर सोळाशे वर्षं गेली. मेंटेनन्स टीममध्ये काम केलेल्यांना ही भावना ओळखीची वाटेल.

हे झालं 'जपा'. आता 'उघडा'.

आपण लेण्यात शिरतो तेव्हा काय घेऊन शिरतो? घाम, श्वास, बुटांची धूळ. प्रत्येक श्वासाबरोबर बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड. चाळीस माणसं एका बंद खोलीत पंधरा मिनिटं उभी राहिली की हवेतली आर्द्रता वाढते, ती बाहेर गेली की उतरते. मातीचा गिलावा ही आर्द्रता पितो आणि सोडतो, फुगतो आणि आकसतो. रोज, दिवसभर. गिलाव्याच्या दृष्टीने आपण प्रत्येकजण एक छोटा पावसाळा आहोत.

म्हणून गेल्या काही दशकांत अजिंठ्यात एक एक बंधन येत गेलं. फ्लॅश बंद. चित्रांच्या लेण्यांमध्ये एका वेळी साधारण चाळीसच माणसं आणि तीही ठरावीक मिनिटं. उष्णता न देणारे मंद दिवे, जे इतके मंद आहेत की आत गेल्या गेल्या लोक 'काहीच दिसत नाही यार' म्हणतात. सोमवारी लेणी बंद. खासगी गाड्या थेट लेण्यांपर्यंत जायच्या, त्या फर्दापूरच्या फाट्यावर, चारेक किलोमीटर अलीकडे थांबवल्या. तिथून पुढे एसटीच्या बसने. यातलं बरंच काम जपानच्या कर्जातून आलेल्या अजिंठा-वेरूळ प्रकल्पात झालं.

याच प्रकल्पातून २०१३ मध्ये फाट्याजवळ एक अभ्यागत केंद्र उभं राहिलं, ज्यात १, २, १६ आणि १७ या चार लेण्यांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती केल्या. कल्पना फ्रान्समधल्या लास्को गुहेसारखी. तिथली आदिमानवाची चित्रं १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली आणि लोकांच्या श्वासाने भिंतींवर शेवाळ आणि क्षार धरायला लागले, म्हणून १९६३ मध्ये ती गुहा कायमची बंद केली. १९८३ पासून लोक शेजारी केलेली प्रतिकृती बघतात. पंधरा वर्षं उघडी राहिली, आणि मग कुणासाठीच नाही.

आपल्याकडे अजिंठा बंद केलेलं नाही. अठराव्या कलमातला हक्क अजून शाबूत आहे. २०१८ मध्ये भारतीयांसाठी तिकीट चाळीस रुपये झालं, म्हणजे वडापाव आणि चहाच्या जवळपास. सिल्लोडच्या शाळेची सहल आणि टोकियोचा प्रोफेसर एकाच रांगेत उभे राहतात. मला विचाराल तर ही या खात्याची मोठी कमाई आहे. तिकीट पाच हजार करून गर्दी कमी करता आली असती. ते न करता 'सगळ्यांना थोडं थोडं' हा मार्ग निवडला: पंधरा मिनिटं, मंद उजेड, पण प्रत्येकाला. हा फक्त सोयीचा निर्णय नाही, लोकशाहीचा आहे. पुढच्या वेळी आतला पहारेकरी 'चला चला, पुढे व्हा' म्हणाला की चिडू नका. तो तुमच्या मागच्या चाळीस जणांचा हक्क सांभाळतोय आणि भिंतीचाही.

इथपर्यंत वाचून असं वाटेल की गर्दी हा वारशाचा शत्रू आहे. मलाही हे लिहायला घेतलं तेव्हा निष्कर्ष हाच असेल असं वाटत होतं. पण मग मी उरलेल्या स्मारकांचं काय झालं ते वाचायला लागलो, आणि चित्र उलटं झालं.

२०१३ मध्ये देशाच्या महालेखापालांनी (म्हणजे कॅगने) पुरातत्त्वखात्याची तपासणी केली. त्यांची माणसं यादी घेऊन प्रत्यक्ष जागेवर गेली. त्यांनी पाहिलेल्यांपैकी ९२ स्मारकं जागेवर नव्हती. पडझड झालेली असं नाही हं, नव्हतीच! स्मारक हरवलं. पुढे खात्याने शोधाशोध करून त्यातली ४२ सापडवली. राहिलेल्या ५० चा हिशोब सरकारने २०२२ मध्ये संसदेपुढे मांडला तो असा: १४ शहरांच्या वाढीत गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली, आणि २४ चा ठावठिकाणाच लागत नाही. २०२४ मध्ये यातली १८ नावं यादीतून काढून टाकायची प्रक्रिया झाली. त्यात हरियाणातला मुजेसरचा एक कोस मिनार आहे, झाशीजवळची गनर बर्किलची कबर आहे, राजधानी दिल्लीतलं बाराखंबा कब्रस्तानही आहे. दिल्लीच्या मधोमध!

त्याच सुमारास संसदीय समितीपुढे आलेला अजून एक आकडा: ३,६९३ पैकी फक्त २४८ स्मारकांवर पहारेकरी नेमलेले होते. एकूण पहारेकरी २,५७८. उरलेल्या तीन हजारांहून जास्त स्मारकांचं रक्षण कोण करतो? तो निळा बोर्ड.

आता ही दोन चित्रं शेजारी ठेवा. अजिंठ्याला माणसं फार येतात म्हणून धोका आहे. त्या हरवलेल्या चोवीस स्मारकांकडे माणसं येत नव्हती म्हणून ती गेली. कोस मिनार बघायला कुणी जात असतं, गावातल्या चार जणांना त्याचं नाव सांगता येत असतं, दर वर्षी शाळेची एक सहल जरी तिथे थांबत असती, तर तो गेला त्या दिवशी कुणीतरी आरडाओरडा केला असता. त्याच्या बाबतीत 'उघडणं' हेच 'जपणं' होतं. कायद्याने त्याला ताजमहालाइतकंच संरक्षण दिलं होतं, अगदी शब्दाला शब्द. कमी होती ती नजरेची.

म्हणजे 'कुलूप की तिकीट' या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. ३,७०० स्मारकांची ३,७०० उत्तरं आहेत. आणि आपली यंत्रणा मात्र सगळ्यांना एकच कॉन्फिग फाइल लावून बसली आहे.

याचा चटका पुणेकरांना चांगलाच माहीत आहे. १९९२ मध्ये एक अधिसूचना निघाली: प्रत्येक संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला मनाई, आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगी घेऊनच. मधल्या काळात खात्यानेच समिती नेमून त्या १०० मीटरांत परवानग्या दिल्या. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. मग २०१० च्या दुरुस्तीत ही १०० मीटरची मनाई थेट कायद्यातच घातली आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण नावाची वेगळी संस्था आणली. परिणाम असा, की शनिवारवाड्याच्या आजूबाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहणारं एखादं कुटुंब आपला मोडकळीला आलेला वाडा दुरुस्त करू शकतं, पण पाडून नवी इमारत बांधू शकत नाही. पावसाळ्यात माती पडते, भिंतीला टेकू लावतात, बिल्डर फिरकत नाही.

नियम चूक आहे असं मी म्हणत नाही. शंभर मीटर नसते तर शनिवारवाड्याच्या तटाला चिकटून आज मॉल उभा असता, याबद्दल शंका नको. पण भर पेठेतला शनिवारवाडा, आग्र्याचा ताज आणि शेतातला एकटा मिनार या तिघांना एकच टेप लावून मोजायचं, हे कुठल्याही इंजिनिअरला खटकावं. आणि हे कायदा करणाऱ्यांनाही कळत होतं! २०१० च्या कायद्यातच तरतूद आहे की प्रत्येक स्मारकासाठी तिथली परिस्थिती बघून स्वतंत्र उपविधी करावेत. म्हणजे इथे उंची किती, तिथे रंग कुठला, या गल्लीत काय चालेल. सुंदर कल्पना. पण हजारोंपैकी फारच थोड्या स्मारकांचे उपविधी नंतरच्या वर्षांत पूर्ण झाले. कारण त्यासाठी जागेवर जाऊन मोजमाप करायला हवं, शेजाऱ्यांशी बोलायला हवं. शंभर मीटरचं वर्तुळ काय, दिल्लीत बसूनही काढता येतं.

पैशाचंही तसंच. तिकिटाचे पैसे त्या स्मारकाच्या गल्ल्यात राहत नाहीत, सरकारच्या तिजोरीत जातात. स्मारकाला काय मिळायचं ते वरून बजेटमधून येतं. यात एक चांगली बाजू आहे: ज्याच्याकडे तिकीटबारीच नाही अशा मिनारालाही वाटा मिळू शकतो. वाईट बाजू अशी, की जागेवरच्या माणसाला आज गळती दिसली तर आज पैसे हातात नसतात. २०१७ पासून सरकारने खासगी कंपन्यांना स्मारकं 'दत्तक' द्यायची योजना आणली. २०१८ मध्ये लाल किल्ला एका सिमेंट कंपनीकडे गेला तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतं? खरं तर त्या करारात बाकडी, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृहं अशा सोयी होत्या. भिंतींचं जतन खात्याकडेच होतं. माझा आक्षेप वेगळा आहे. लाल किल्ला दत्तक घ्यायला कुणीही येईल. मुजेसरचा मिनार दत्तक घ्यायला कोण येणार होतं?

हे सगळं आत्ता आठवायचं कारण घरचंच आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. आठ केंद्राच्या पुरातत्त्वखात्याकडे, चार राज्याकडे. बातमी आली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला. पण खरं काम तिथून पुढे सुरू होतं, आणि प्रत्येक किल्ल्यावर ते वेगळं आहे.

लोहगड घ्या. मुंबई-पुण्याच्या मधोमध. पावसाळ्यातल्या रविवारी महादरवाजाच्या पायऱ्यांवर अशी गर्दी होते की माणूस हलू शकत नाही. लोहगडाला अजून प्रसिद्धीची काडीची गरज नाही. त्याला हवी आहे अजिंठ्यासारखी शिस्त: आज इतकीच माणसं, गाड्या लांब, बाकीच्यांनी पुढच्या रविवारी या. आणि त्याच यादीतला साल्हेर घ्या. बागलाणातला, १,५६७ मीटर उंच, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. १६७२ मध्ये मराठ्यांनी मुघलांना उघड्या मैदानावर हरवलं ते याच्याच परिसरात. तिथे लोहगडाच्या मानाने किती थोडी माणसं जातात! साल्हेरला कुलूप नको, त्याला वाट हवी, पायथ्याच्या गावात राहायची सोय हवी, गोष्ट सांगणारा माणूस हवा. दोघांना एकच 'पर्यटन विकास आराखडा' लावला, दोन्हीकडे तीच फरशी आणि तेच दिवे बसवले, तर एक गुदमरेल आणि दुसरा तसाच एकटा राहील.

खात्याने काय करावं हे सांगणारा मी कोण? मी सॉफ्टवेअरवाला, सोमवारी परत तिकिटं बंद करायची आहेत (आमच्याकडची तिकिटं वेगळी). पण आपल्या हातात एक गोष्ट नक्की आहे. अठरावं कलम आपल्याला हक्क देतं. तो कुठे वापरायचा हे आपण ठरवतो. ज्या वीकेंडला पाच गाड्या भरून लोहगडला जायचं ठरतंय, त्या वीकेंडला तालुक्याच्या नकाशावर एखादा असा निळा बोर्ड शोधा ज्याचं नाव ग्रुपमध्ये कुणीच ऐकलेलं नाही. तिथे जा. गावात दोन माणसांना विचारा, हे काय आहे म्हणून. फोटो काढा, तारीख टाका, चांगल्या उजेडात, चारही बाजूंनी.

आणि जाण्याआधी बोर्ड पूर्ण वाचा. अजून उभा आहे तोवर.